रेघ कुणाची खरी धरायची?

महापालिकेची हद्द वाढली की वर्तमानपत्रांत पाण्याची, कराची आणि निधीची चर्चा होते. पुण्यात 2017 मध्ये 11 आणि जून 2021 मध्ये 23 गावं समाविष्ट झाली, तेव्हाही तेच झालं. एका कामाची मात्र कधी बातमी होत नाही. ते नगररचनेच्या टेबलावर मुकाट्याने सुरू होतं. शहरात येणारं गाव आपल्याबरोबर कागदांचा आणि फायलींचा अख्खा संसार घेऊन येतं. भूमी अभिलेख खात्याचा गटनकाशा, प्रादेशिक योजनेतले जमीनवापराचे पट्टे, जिल्हा परिषदेचे रस्ते, पाटबंधारे खात्याची पूररेषा, ग्रामपंचायतीचा नमुना 8, शिवाय कुठल्या तरी एजन्सीने केलेलं मिळकतींचं सर्वेक्षण. प्रत्येक फाइल आपापल्या जागी बरोबर असते. सगळ्या एकावर एक ठेवल्या की नाला विहिरीतून वाहू लागतो आणि रस्ता कुणाच्या तरी ओसरीवर चढतो.

ही विसंगती दूर करून सगळ्या फायलींचा मिळून एकच भरवशाचा नकाशा तयार करणं, हा या लेखसंग्रहाचा विषय. जगभर त्याला मोठी शास्त्रीय परंपरा आहे. आपल्याकडे मात्र हे काम बहुधा कंत्राटातल्या एका ओळीत उरकलं जातं: ‘सर्व स्तर एकत्र करून देणे’. ती एक ओळ किती निर्णय पोटात दडवते, हे दाखवण्यासाठी हा संग्रह.

नवख्या वाचकासाठी आधी विसंगतीचे प्रकार पाहू. ढोबळमानाने ते चार आहेत: स्थानाचे, प्रमाणाचे, नावांचे आणि काळाचे.

स्थानाची विसंगती सगळ्यात ठळक. भारताचे जुने स्थलदर्शक नकाशे ‘एव्हरेस्ट 1830’ या लंबगोलावर आधारलेले, आणि त्यांचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातलं कल्याणपूर. आजचा मोबाइल, ड्रोन आणि उपग्रहचित्र ‘डब्ल्यूजीएस 84’ वापरतात. एकच अक्षांश-रेखांश या दोन पद्धतींत वाचला तर महाराष्ट्रात जागा शंभराहून जास्त मीटर सरकते. सरकलेली फाइल पडद्यावर बेमालूम दिसते. फरक कळतो तो तिच्याखाली उपग्रहचित्र टाकल्यावर.

स्थानाचीच दुसरी अडचण विदर्भात काम करणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीची. मीटरमध्ये मोजण्यासाठी यूटीएम प्रक्षेप वापरतात आणि त्याचे सहा-सहा अंशांचे पट्टे असतात. 78 अंश रेखांशावर 43 वा पट्टा संपून 44 वा सुरू होतो. पुणे, नाशिक, कोल्हापूर एका पट्ट्यात, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली दुसऱ्यात, आणि यवतमाळ जिल्हा दोन्हींत विभागलेला. या सीमारेषेवरच्या एकाच विहिरीचा पूर्वांक (पूर्व-पश्चिम दिशेचा आकडा) एका पट्ट्यात सुमारे 8,14,000 मीटर येतो आणि दुसऱ्यात सुमारे 1,86,000. फाइलबरोबर प्रक्षेपाची नोंद आली नसेल, तर अर्धा जिल्हा सव्वासहाशे किलोमीटर दूर जाऊन पडतो. एवढी मोठी चूक लगेच दिसते, म्हणून ती त्यातल्या त्यात बरी. शंभर मीटरची चूक खपून जाते आणि दहा मीटरची तर वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही.

गावनकाशाचं दुखणं याहून मुळातलं. शंकू-साखळीने मोजून काढलेल्या गावनकाशावर अक्षांश-रेखांश नसतातच. तो आपल्या शिवेच्या आत सुसंगत असतो, पृथ्वीवर नेमका कुठे आहे ते सांगत नाही. देवळाचा कोपरा, विहीर, नाल्याचा फाटा, हद्दीचा दगड अशा खुणा नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे हेरून त्याला जागेवर बसवावं लागतं.

इथून प्रमाणाचा प्रश्न सुरू होतो. जुने गावनकाशे पुष्कळदा 1 इंचास 660 फूट, म्हणजे 1:7920 या प्रमाणावर आहेत. त्यावरची अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघ जमिनीवर जवळजवळ चार मीटर रुंद होते. बारा मीटरच्या रस्त्याचा तिसरा हिस्सा नुसत्या रेघेच्या जाडीत गेला. शिवाय कापडावर चिकटवलेला कागद उन्हापावसात आणि घड्यांत सारखा आकसत नाही. उभा एका मापाने आकसतो, आडवा दुसऱ्या. स्कॅनरमधून गेल्यावर ही सगळी वेडीवाकडी ताण-ओढ संगणकात जाते, आणि संगणक तिला मिलिमीटरपर्यंतचे आकडे चिकटवून देतो. आकडे बारीक झाले म्हणून माप अचूक झालं, हा गैरसमज या क्षेत्रातल्या निम्म्या भांडणांच्या मुळाशी आहे.

नावांची विसंगती ऐकायला किरकोळ वाटते, पण वेळ सगळ्यात जास्त तीच खाते. समाविष्ट गावांतल्या नऱ्ह्याचंच उदाहरण घ्या. ‘नऱ्हे’मधलं जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतं. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळी गावं. मालमत्तांचा तक्ता नकाशाला जोडायला गेलात की हे गाव कोरं राहतं. त्यात बुद्रुक कुठे ‘बु.’ होतं, कुठे ‘बीके’ होतं, तर कुठे गाळलंच जातं, आणि मग आंबेगाव बुद्रुकची घरं आंबेगाव खुर्दच्या माथी बसतात. जुन्या फायली युनिकोडपूर्व फाँटांतल्या असतील तर अक्षरांची नुसती चिन्हं उरतात. शेपफाइल या आजही सर्रास चालणाऱ्या स्वरूपात रकान्याचं नाव दहा बाइटांच्या पलीकडे जाऊ शकत नाही, आणि देवनागरीचं एकेक अक्षर अनेक बाइट खातं. त्यामुळे ‘मंजूर क्षेत्र’ आणि ‘मंजूर क्षेत्रबदल’ ही दोन शीर्षकं छाटली जाऊन एकमेकांसारखी होतात. जिल्ह्यांची पुनर्रचना आणि नामांतरं यांची भर वेगळीच. 1 ऑगस्ट 2014 रोजी झालेला पालघर जिल्हा 2011 च्या जनगणनेच्या फायलीत सापडत नाही, त्याची गावं ठाण्याखाली शोधावी लागतात.

चौथी विसंगती काळाची. पूररेषा एका वर्षीची, नाल्याचा प्रवाह दुसऱ्या वर्षीचा, इमारतींचं सर्वेक्षण तिसऱ्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा या दोन्ही नदीच्या त्या वेळच्या पात्रावरून ठरलेल्या असतात. मध्ये भराव पडला, भिंत बांधली, पूल झाला, तरी फाइलमधली रेषा जिथल्या तिथे. अशा वेळी दोन फायलींतला फरक चूक असतो की बदल, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

या साऱ्याची मुळं आपल्याकडच्या मोजणीच्या इतिहासात आहेत. 1802 मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. देशभर त्रिकोणांची साखळी टाकून भूगोल पक्का करणं हा त्याचा हेतू. इकडे मुंबई इलाख्यात 1835 नंतर इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची सारा-मोजणी सुरू झाली आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. तिचा हेतू शेताचं क्षेत्र मोजून त्यावर आकार बसवणं. 33 फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. या हिशेबात शेजारच्या गावाशी रेघ जुळते का, हा प्रश्नच नव्हता, कारण सारा गावागणिक वसूल व्हायचा. एकाच भूमीवरून दोन मोजण्या चालत गेल्या, पण त्यांनी एकमेकींशी नातं जोडलं नाही. आज नगररचनेच्या संगणकावर जे भांडण दिसतं, ते पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या या फारकतीचं आहे.

पुढे 1947 च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याने एकत्रीकरण योजना आली. जिथे ती राबवली गेली, तिथे सर्व्हे नंबरांचे गट झाले आणि जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ घालणारं आणखी एक दप्तर उभं राहिलं. 1966 च्या नगररचना कायद्याखाली विकास योजना होऊ लागल्या. त्या याच नकाशांच्या ट्रेसिंगवर काढलेल्या. म्हणजे मूळ नकाशातला दोष वारशाने योजनेत उतरला आणि आरक्षणाच्या रंगाखाली झाकला गेला.

जगात या प्रश्नाचं शास्त्र झालं ते संगणक आल्यावर. 1960 च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडासाठी पहिली भौगोलिक माहिती प्रणाली उभी केली. 1980 च्या दशकात अमेरिकेच्या जनगणना विभागापुढे पेच पडला. त्यांच्याकडे पत्त्यांसकट रस्त्यांच्या फायली होत्या, आणि भूगर्भ सर्वेक्षण संस्थेकडे अधिक अचूक, पण पत्ते नसलेले नकाशे. दोन्हींची सांगड घालताना अ‍ॅलन सालफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत बसवली, ती आजही या क्षेत्राचा कणा आहे. आधी खात्रीचे समान बिंदू जोडायचे, त्यांच्यामधला भाग त्रिकोणांत वाटायचा, प्रत्येक त्रिकोण रबरासारखा ताणून बसवायचा, मग नव्याने जवळ आलेले बिंदू जोडायचे आणि हेच पुन्हा करायचं.

ब्रिटनचा अनुभव आपल्याला जास्त जवळचा. तिथल्या ऑर्डनन्स सर्व्हेने या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामीण भागाच्या मोठ्या प्रमाणावरच्या नकाशांची अचूकता सुधारली. नकाशावरच्या रेघा काही मीटर सरकल्या, आणि ज्या स्थानिक संस्थांनी जुन्या नकाशावर आपले स्तर काढले होते, त्यांचे स्तर मागे राहिले. म्हणून ऑर्डनन्स सर्व्हेने सुधारलेल्या नकाशाबरोबर कुठला बिंदू कुठून कुठे गेला, याच्याही फायली दिल्या. सरकवण्याचाच हिशेब प्रसिद्ध करायचा, ही कल्पना आपण तिथून शिकण्यासारखी आहे.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे आज ढोबळमानाने चार पक्ष दिसतात. पहिला मोजणीचा. त्याचं म्हणणं, जुन्या रेघांवर कसरत करण्यापेक्षा जमिनीवर जा, स्थिर संदर्भ केंद्रांच्या आधारे नव्याने मोजा. हे बरोबरच आहे, पण खर्चीक आहे. शिवाय नवी मोजणी आजचा ताबा दाखवते, आणि ताबा म्हणजे हक्क नव्हे. दुसरा पक्ष गणिताचा. बिंदू जुळवा, चूक सगळीकडे वाटून टाका, उरलेल्या फरकाचा सरासरी आकडा द्या. काम झपाट्याने होतं, पण सरासरी चांगली आली म्हणून गावाच्या कोपऱ्यातलं एखादं शेत पंधरा मीटर सरकलेलं नाही, याची हमी मिळत नाही. तिसरा पक्ष दप्तराचा. सातबारा, आकारबंद (गटवार क्षेत्र आणि आकाराची नोंद) आणि टिपण (मूळ मोजणीचं रेखाटन) यांतलं क्षेत्र प्रमाण माना, नकाशा त्याला जुळवा. कोर्टात टिकणारा हाच मार्ग. फक्त आकारबंदातल्या गटांची बेरीज आणि प्रत्यक्ष गावाचं क्षेत्र यांचा मेळ बसेलच असं नाही, आणि बसला नाही की दप्तर स्वतःशीच भांडू लागतं. चौथा पक्ष संकेतांकांचा. रेघा जुळतील तेव्हा जुळतील, आधी प्रत्येक गावाला, रस्त्याला, मिळकतीला कायमचा एक क्रमांक द्या आणि सगळ्या खात्यांनी तोच वापरावा. केंद्राची स्थानिक शासन निर्देशिका याच विचारातून आली.

चौघांपैकी कुणा एकाला मत देऊन भागत नाही, हे एका छोट्या उदाहरणावरून कळेल. लगतच्या दोन गावांचे नकाशे खुणांवर बसवले. दोन्ही आपापल्या जागी ठीक, पण दोन शिवांच्या मध्ये सहा मीटरची फट राहिली. सॉफ्टवेअरमध्ये एक सहनमर्यादा असते. तिथे ‘10 मीटर’ टाकून बटण दाबलं की दोन रेघा एकमेकींना चिकटतात, फट नाहीशी होते आणि तपासणीचा अहवाल ‘त्रुटी नाहीत’ असा येतो. आता मूळ कागद काढून पाहा. त्या फटीत तुटक दुबार रेषा आहेत. तो शिवेवरून जाणारा गाडीरस्ता होता, पाच-सहा मीटर रुंद. दोन्ही बाजूंचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यावरूनच वहिवाट करत आले. एका आकड्याने तो नकाशावरून पुसला गेला. पुढे त्या जागेवर बांधकामाचा प्रस्ताव आला की कार्यालय सांगणार, नकाशात रस्ता नाही. गणिताने चूक केली नाही, त्याला जे सांगितलं तेच त्याने केलं. रस्ता घालवला तो ‘10’ हा आकडा टाकणाऱ्याने, आणि त्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही.

या संग्रहाच्या मुळाशी असलेली भूमिका हीच. नकाशांची जुळणी हे वरवर तांत्रिक काम दिसतं, पण तिच्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी ठरवत असतं की दोन रेघांपैकी कुणाची खरी धरायची. तो निर्णय प्रशासकीय आहे. निर्णय असेल तर त्याला कारण हवं, कारणाची नोंद हवी आणि तो घेणाऱ्याची सही हवी.

हे आत्ताच सांगण्याची निकड काय? एकतर नव्या मोजणीचा ओघ प्रचंड आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि एप्रिल 2021 मध्ये स्वामित्व योजना देशभर गेली. आता नवी गावठाणं काही सेंटिमीटरच्या अचूकतेने मिळतात, आणि त्यांच्याभोवतीचा शेतीचा गटनकाशा अजून साखळीच्या काळातला आहे. जुन्या नकाशात गावठाणासाठी सोडलेल्या रिकाम्या जागेत नवं गावठाण बसत नाही. कुठे ते शेतात शिरतं, कुठे मध्ये जागा उरते. फेब्रुवारी 2025 मध्ये सुरू झालेल्या ‘नक्शा’ या शहरी भूमापनाच्या कार्यक्रमामुळे हाच प्रश्न आता शहरांच्या दारात आला आहे. भूखंडाच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून 14 अंकाक्षरांचा भू-आधार क्रमांक देण्याचं कामही सुरू आहे. नकाशा चुकीच्या जागी बसवला असेल, तर चुकीच्या जागेलाच कायमची ओळख मिळेल.

दुसरं कारण म्हणजे नकाशा आणि निर्णय यांच्यातलं अंतर संपत चाललंय. पूर्वी विकास योजनेचा नकाशा भिंतीवर असायचा. शंका आली की कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन टेप लावायचा. आज झोनचा दाखला आणि बांधकाम परवानगीची छाननी संगणकावर होते. त्या छाननीला शाईच्या रेघेची जाडी माहीत नसते. तिला फक्त आत किंवा बाहेर एवढंच कळतं.

नकाशा चुकला तर काय होतं, हे मुंबईने पाहिलं आहे. 2034 पर्यंतच्या विकास योजनेचं प्रारूप फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यातल्या चुकांवरून एवढं काहूर उठलं की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी ते रद्द केलं. सुधारित योजना मंजूर व्हायला 2018 उजाडलं. त्यातल्या सगळ्याच चुका फायली जुळवताना झाल्या असं म्हणता येणार नाही. पण सध्याच्या जमीनवापराची चुकीची नोंद एकदा नकाशात गेली की तिच्यावर प्रस्ताव उभे राहतात, आणि मग चूक धोरणाची की नोंदीची, हे वेगळं काढता येत नाही. लोकांचा नकाशावरचा विश्वास मात्र दोन्ही वेळा सारखाच उडतो.

या संग्रहात भूमापक आहेत, नगररचनाकार आहेत, पंचायतीच्या दप्तरात आयुष्य घालवलेले लोक आहेत आणि प्रोग्रॅम लिहिणारेही आहेत. त्यांचं आपसांत एकमत नाही, आणि संपादनात ते ओढूनताणून घडवलेलं नाही. मोजणीवाला गणितवाल्यावर टीका करतो, दप्तरवाला दोघांवर. वाचकाने हे वाद मुद्दाम शेजारीशेजारी ठेवून वाचावेत. लेखांचा क्रम लावताना सुरुवात सॉफ्टवेअरपासून न करता कागदापासून केली आहे. टिपण, फाळणी बारा (पोटहिश्श्यांच्या मोजणीचा कागद) आणि गावनकाशा वाचता आल्याशिवाय संगणकापुढे बसणाऱ्याच्या हातून शिवरस्ते पुसले जाणारच. उदाहरणं क्यूजीआयएस या मोफत आणि मुक्त प्रणालीवर केलेली आहेत, म्हणजे लहान नगरपंचायतीलाही परवान्याचा खर्च न करता ती करून पाहता येतील. बटणं कुठे आहेत ते मात्र पुस्तकात फारसं सापडणार नाही. आवृत्ती बदलली की बटणं बदलतात.

पुस्तकाची मर्यादाही इथेच सांगायला हवी. कितीही काळजीपूर्वक जुळवलेला नकाशा हद्दीच्या वादाचा निकाल देत नाही. हद्द कायम करण्याचं काम कायद्याने मोजणी खात्याचं आहे आणि ते जागेवरच होतं. जुळणीचं काम एवढंच, की नियोजन करणाऱ्याला आपण कशाच्या आधारावर बोलतो आहोत आणि तो आधार किती मीटरपर्यंत पक्का आहे, हे कळावं.

म्हणून शेवटी दोघांना दोन विनंत्या. तुम्ही कार्यालयात बसून नकाशा तयार करत असाल, तर त्याच्याखाली चार ओळी लिहा: स्तर कुठून आणि कुठल्या वर्षीचा घेतला, कुठल्या खुणांवर बसवला, बसवल्यावर जास्तीत जास्त किती मीटर फरक उरला, आणि दोन रेघांत भांडण झालं तिथे कुणाची धरली व कुणी ठरवून धरली. तुम्ही नागरिक म्हणून हरकत घ्यायला जात असाल, तर आपली जमीन कुठल्या रंगात आहे हे विचारण्याआधी या चार ओळी मागा. त्या लिहायला एक दिवस लागतो आणि न लिहिल्याची किंमत पुढची वीस वर्षं मोजावी लागते. ज्या नकाशाखाली त्या नाहीत, तो कितीही देखणा असला तरी त्यावर कुणाच्याही जमिनीचा निर्णय घेऊ नये.